दारू सोडवायच्या गोळ्या आणि शरीर: तुमचे अनुभव

जुना_खेळाडू
लेकाने वाढदिवसाला हौसेने आफ्टरशेव्ह दिलं. आज झाकण उघडलं आणि हात तिथेच थांबला. दारू सोडवायची डायसल्फिराम गोळी चालू असताना एकदा असंच गालाला चोपडलं होतं. थोड्या वेळात कान लालबुंद, डोक्यात ठणके, छातीत धडधड. बायकोला वाटलं, लपून प्यायलो. तिने आधी तोंडाचा वास घेतला, मग गालाचा, आणि मटकन खाली बसली.
दारू पचताना मधे असिटाल्डिहाइड तयार होतं, त्याची पुढची वाट ही गोळी अडवते. ते रक्तात साचतं आणि मग हा तमाशा. एरवी त्रास एवढाच, जिभेला दिवसभर पत्रा चाटल्यासारखी चव. गोळी सुटून सात वर्षं झाली. तुमचं काय झालं, लिहा.

सावली
पत्रा!! अगदी बरोबर. आमचे हे लसूण म्हणायचे.

रात्रपाळी
मला नालट्रेक्सोन, दारूची ओढ कमी करणारी गोळी, 50 मिलिग्रॅमची. पहिला आठवडा मळमळ, तीही रिकाम्या पोटी जास्त. जेवणावर घ्यायला लागलो तशी कमी झाली. पण खरी गंमत मनगट मोडलं तेव्हा. दवाखान्यात मॉर्फिनच्या जातीचं इंजेक्शन दिलं, ढिम्म फरक नाही. मॉर्फिन मेंदूत ज्या जागी (रिसेप्टरवर) बसून काम करतं, तिथेच ही गोळी ठाण मांडून बसते. गोळी चालू आहे हे मी सांगितलंच नव्हतं, लाजेपायी. आता पाकिटात चिठ्ठी असते.

नाव_नको
मी यांच्या नकळत डायसल्फिराम द्यायचे. कुणीतरी सुचवलं होतं. एक दिवस बाहेर पिऊन आले आणि दारातच कोसळले. ओकाऱ्या, बीपी पार खाली, हातपाय गार. डॉक्टर ओरडले नाहीत, फक्त विचारलं, "यांना माहीत होतं?" अजून झोप उडते.

सावली
@नाव_नको ताई, हे विचार माझ्याही मनात आले होते हो. एकट्या नाही तुम्ही.

पाय_जमिनीवर
शेवटच्या गोळीनंतरही दोन आठवडे भरवसा नाही हां. खोकल्याच्या औषधात, माउथवॉशमध्येही अल्कोहोल असतं. मी तर शाम्पूचं लेबलसुद्धा वाचायचो 😄

तीन_वेळा
मला अकाम्प्रोसेट, ही पण दारू सोडल्यावरची गोळी, 333 मिलिग्रॅमच्या दोन-दोन, दिवसातून तीनदा. म्हणजे सहा गोळ्या आणि जवळपास तितकेच जुलाब. ऑफिसात माझी जागा संडासाजवळ हलवून घेतली, साहेबांना कारण आजतागायत कळलेलं नाही. महिन्याभरात पोट ताळ्यावर आलं. किडनीची तपासणी मात्र सुरू करण्याआधीच केली होती.

रात्रपाळी
@तीन_वेळा हसून हसून चहा सांडला

भिंतीवरचा
गोळ्या नंतरच्या. आधी सोडतानाचं सांगा ना कुणी! तिसऱ्या रात्री मला चादरीवर मुंग्या दिसत होत्या, एकेक वेचून भावाच्या हातावर ठेवत होतो. त्याने मूठ मिटून "ठेवल्या" म्हटलं. लिब्रियम (दारू सोडतानाचा त्रास शमवणारं औषध) आणि थायमिनची (व्हिटॅमिन बी1) इंजेक्शनं चालू होती म्हणून निभावलं. घरच्या घरी एकदम बंद करायच्या फंदात पडू नका, फिट येते. भावाशी सध्या बोलणं नाही, जमिनीवरून. तो वेगळा धागा.

पाय_जमिनीवर
बोल रे त्याच्याशी. मुंग्या सांभाळल्यात त्याने.

सावली
विषयांतर, पण पायांना बधिरपणा कुणाला आला का? यांना आला, डॉक्टरांनी डायसल्फिराम थांबवलं. दारूमुळे की गोळीमुळे, नक्की सांगता येईना.

जुना_खेळाडू
मला नाही आला, पण लिव्हरची तपासणी दर थोड्या दिवसांनी असायची.
आफ्टरशेव्ह लेकाला परत दिलं. अजून मिसरूड फुटलेलं नाही, तरी घेऊन आरशासमोर उभा आहे.