हिवाळ्यात फोर बाय फोर जोडीदाराच्या हाती देताना : अनुभव धागा

मिनियापोलिसहून : धागा मीच काढला आहे, तेव्हा सुरुवात माझ्याच फजितीने करतो. गेल्या जानेवारीत रात्रभर बर्फ पडला, पत्नीची पहाटेची पाळी होती आणि तिची लहान गाडी दारातच रुतली, म्हणून मी माझ्या जुन्या पिकअपची किल्ली तिला दिली, दांडा फोर-हायवर, म्हणजे चारही चाकांना इंजिनचा जोर मिळेल असा, टाकून दिला आणि "आता निर्धास्त जा" असे म्हणून पुन्हा झोपलो. मुख्य रस्त्यांवरचा बर्फ तोवर काढून झाला होता. कोरड्या पार्किंगमध्ये वळताना गाडी अडखळू लागली, चाके खरडल्यासारखा आवाज आला आणि काहीतरी मोडले असे समजून तिने मला फोन करून उठवले. मोडले काहीच नव्हते. वळताना पुढची चाके मागच्या चाकांपेक्षा जास्त अंतर कापतात. हा फरक सामावून घेणारे मधले डिफरन्शियल माझ्या पिकअपला नाही, त्यामुळे बर्फावर चाके किंचित घसरून जो ताण सुटतो, तो कोरड्या डांबरावर सुटत नाही. मला हे इतके अंगवळणी पडले आहे की सांगायला हवे हेच सुचले नाही. आपणही लिहावे, देणाऱ्याच्या बाजूने किंवा घेणाऱ्याच्या.

मॉन्ट्रियलहून : आमच्याकडे गाडी माझी आणि मागणारा नवरा. क्वेबेकमध्ये १ डिसेंबर ते १५ मार्च हिवाळी टायर कायद्यानेच सक्तीचे असल्यामुळे त्या बाबतीत मी निश्चिंत होते; काळजी होती ती त्याच्या आत्मविश्वासाची. चारही चाकांना जोर मिळाला की गाडी बर्फातून सहज निघते, आणि निघते तशी ती थांबेलही, असा समज होतो. ब्रेक तर साध्या गाडीच्याही चारही चाकांना असतात. थांबणे टायरच्या पकडीवर ठरते. उतारावरच्या सिग्नलला आपण पुढच्या गाडीपासून हातभर अंतरावर थांबलो, असे तो सांगतो. पुढच्या गाडीतल्या माणसाचे म्हणणे मला कळलेले नाही.

मनालीहून : मी मूळची साताऱ्याची, लग्नानंतर इकडे स्थायिक झाले. बर्फ पडला की सोलंगच्या पुढे अटल बोगद्याकडे फोर बाय फोर किंवा चाकांना साखळ्या लावलेल्या गाड्याच सोडतात, म्हणून बोगद्यापलीकडच्या सिस्सूला मुक्कामी जाताना माझ्या यजमानांची जिप्सी मागून नेली. घाटात गाडी शिकलेल्या माणसाचा हात आपोआप हँडब्रेककडे जातो, तसा माझाही गेला. सकाळी मागची चाके जागची हलेनात. ओल गोठून ब्रेक आत चिकटून बसले होते. उन्हे वर येईपर्यंत थांबलो आणि मग शेजारच्या दोघांनी गाडी पुढे-मागे झुलवून ती सोडवली. "गिअरमध्ये टाकून चाकाखाली दगड लावायचा, हे तर इथल्या पोरांनाही ठाऊक असते," असे यजमान नंतर म्हणाले. मला कुणी सांगितले होते?

डेन्व्हरहून : वादळाचा इशारा असेल तेव्हा मी गाडी देत नाही, स्वतः सोडायला जातो. याला काळजी नव्हे, मालकी म्हणतात, असे पत्नीचे मत आहे आणि ते बहुधा बरोबर असावे. एरवी देतो तेव्हा मागे फावडे आणि घोंगडी असते, आणि सूचना एकच असते: गाडी रुतली तर इंजिन चालू ठेवून बसण्याआधी सायलेन्सरच्या नळीभोवतीचा बर्फ काढ, नाहीतर विषारी वायू आत साचतो.

एडमंटनहून : येथे कडाक्याच्या थंडीत इंजिन गोठू नये म्हणून रात्री ब्लॉक हीटरची, म्हणजे इंजिन ऊबदार ठेवणाऱ्या विजेच्या हीटरची, वायर घराबाहेरच्या सॉकेटला जोडून ठेवतात. पत्नीला गाडी दिली त्या सकाळी मी काच खरवडली, थंडीने उतरलेली टायरची हवा भरली, विम्यात तिचे नाव असल्याची खात्रीही केली. वायर तेवढी राहिली. ती संध्याकाळी परतली तेव्हा केशरी एक्स्टेंशन बंपरखाली लोंबत होती आणि तिच्या टोकाला आमच्याच भिंतीवरच्या सॉकेटचे झाकण होते.