उतारबाजूंच्या शेततळ्याची खोदाई आणि पाणी कसं मोजायचं?

पुरंदरकर:
सासवडजवळ अंजीर-सीताफळाची बाग आहे. उन्हाळ्यासाठी शेततळं घ्यायचंय. वर 30 × 30 मीटर, खोली 3 मीटर, बाजूंना एकास दीड उतार (1 मीटर खोलीला दीड मीटर आत). पोकलेनवाले 2700 घनमीटर खोदाई सांगतात. पाणी नक्की किती बसेल आणि पैसे कोणत्या मापावर द्यावेत?

मोजपट्टी:
दादा, 2700 हा उभ्या भिंतींच्या हौदाचा आकडा. तुमच्या उताराने तळ प्रत्येक बाजूने साडेचार मीटर आत येतो, म्हणजे 21 × 21 उरतो. वरचं क्षेत्रफळ 900, तळाचं 441, आणि मधोमध दीड मीटरवर 25.5 × 25.5 म्हणजे 650.25. मधल्याची चौपट करून तिन्हींची बेरीज करा, खोलीने गुणा, सहाने भागा. 1971 घनमीटर येतात. वरच्या-खालच्या क्षेत्रफळाची नुसती सरासरी घेतली तर 2011 येतात. अंदाजाला ठीक, बिलाला नको.

आता पाणी. तळं काठोकाठ भरायचं नसतं. वर अर्धा मीटर मोकळा सोडलात की पाणी 28.5 × 28.5 वर थांबतं आणि खोली अडीच उरते. त्याच सूत्राने 1543 घनमीटर, म्हणजे 15 लाख 43 हजार लिटर. तेवढ्या अर्ध्या मीटरात सव्वाचार लाख लिटर जातात, कारण तळं वरच सगळ्यात रुंद. बागेचं नियोजन या 15 लाखांवरच करा.

शिरूरकर:
डंपरवर ब्रास (1 ब्रास म्हणजे 100 घनफूट) मोजू देऊ नका, कळकळीने सांगतेय. 1971 घनमीटर म्हणजे जागेवरचे साधारण 696 ब्रास. उकरलेली माती फुगते. 25 टक्के फुगवटा धरला तर डंपरमध्ये तेच 870 भरतात. दर ठरवतानाच 'खड्ड्याच्या मापाने' असं लिहून घ्या. पोकलेन हलण्याआधी तळावर उतरून टेप लावा. 21 च्या जागी 23 भरलं तर बाजू उभ्या कापल्यात. पाणी जास्त मावेल, पण भुसभुशीत माती असेल तर त्या ढासळतात.

पुरंदरकर:
ताई, हे माहीतच नव्हतं. आणि प्लॅस्टिकचा कागद किती लागेल?

मोजपट्टी:
उताराची तिरकी लांबी 5.41 मीटर. दोन्ही बाजू आणि तळ मिळून 31.8, वर चरात दाबायला दोन्हीकडे एकेक मीटर. 34 × 34 चा घ्या. बाष्पीभवनही धरा हं. रोज 6 मिलिमीटर पाणी उडालं तरी भरल्या तळ्यातून दिवसाला 4,800 लिटरच्या वर जातात.