‘हायटेक’ इमारतीला मराठीत काय म्हणावं?

शाहूपुरीकर:
सध्या कोल्हापुरात सगळंच हायटेक आहे. रोपवाटिका हायटेक, शाळा हायटेक, परवा एका सलूनच्या पाटीवरही तेच. एका लेखाचं भाषांतर करतोय, त्यात ‘हाय-टेक आर्किटेक्चर’ आलंय. ‘उच्च तंत्रज्ञानाधारित वास्तुकला’ लिहिलं, तर डोळ्यांपुढे आपोआप उघडणारी दारं येतात. दुसरं काही सुचवा.

उद्यमनगरकर:
त्या दारांचा इथं काही संबंध नाही. ही इमारतीचा सांगाडा आणि नळ-वायरी मुद्दाम दाखवणारी शैली. पॅरिसचं पाँपिदू कला केंद्र (१९७७) बघा. रेन्झो पियानो आणि रिचर्ड रॉजर्स या वास्तुकारांनी इमारतीची आतडी काढून बाहेर टांगली. हवेचे नळ निळे, पाण्याचे हिरवे, विजेचे पिवळे, माणसांच्या वर्दळीचा रंग लाल. आतला मजला एकदम मोकळा, मधे खांब नाही. सांगाडा टिकतो, नळ-वायरी मात्र बदलाव्या लागतात. मग त्या हाताला येतील अशा ठेवा, हा हिशेब. लंडनच्या लॉइड्स इमारतीत (१९८६) तर रॉजर्सनी जिने, लिफ्ट, संडास सगळं बाहेरच्या मनोऱ्यांत नेलं.

आपला प्लंबर पहिलं काय विचारतो? “लाइन कन्सिल करायची का उघडी?” त्यातला ‘उघडी’ घ्या. ‘उघडी वास्तुकला’. आमच्या न्हाणीघरात कन्सिल पाइप गळाला तेव्हा तीन जागी टाइल फोडल्या, सांधा सापडला चौथ्या जागी. त्या दिवशी रॉजर्स पटला.

पेठेतली:
‘उघडी’ नको हो. आमच्या पेठेत “विटा उघड्याच राहिल्या” म्हणजे गिलाव्याआधी पैसे संपले. वाचक म्हणेल, पॅरिसवाल्यांचं काम अर्धवट राहिलं! ‘दर्शनी सांगाडा’ कसा वाटतो? दर्शनी म्हणजे समोरचा आणि मुद्दाम दाखवलेला, दोन्ही.

उद्यमनगरकर:
ताई, सांगाडा हा शब्द बरोबर पकडलात. पाँपिदूचा सांगाडा तर आमच्या फौंड्रीच्या धंद्यातला. खांबाखांबाला एक ओतीव तुकडा अडकवलाय, ‘गर्बरेट’. हाइन्रिश गर्बर या जर्मन अभियंत्यावरून नाव. एकेक जवळजवळ १० टनांचा. तो तराजूच्या दांडीसारखा काम करतो: आतल्या टोकावर ४५ मीटरच्या कैचीचा भार, बाहेरचं टोक उभ्या सळईनं खाली ओढून धरलेलं, मधे खांब. (कैची म्हणजे ट्रस. जुन्या शेडवाल्यांच्या तोंडात अजून आहे, तुम्हीही वापरा.) आणि भाषांतरात ‘बिडाचा’ लिहू नका, ते ओतीव पोलाद आहे. बीड दाब सोसतं, पण असं वाकवलं की तडकतं. जर्मनीत क्रुप या पोलाद कंपनीकडं ओतलं होतं. अभियंता पीटर राइस ओतीवच हवं म्हणून अडून बसला. वेल्डिंगच्या जोडकामाला हाताचा स्पर्श दिसत नाही, असं त्याचं मत. मोल्डरला हे वेगळं सांगायला नको.

शोरूमची काच चार पायांनी धरणारा ‘स्पायडर’ पाहिला असेल. तोही याच घराण्यातला. पॅरिसमध्येच ला व्हिलेतच्या विज्ञान संग्रहालयाच्या काचघरांत राइसच्या चमूनं तशी काच टांगली, १९८६ मध्ये.

शाहूपुरीकर:
मग हल्लीच्या कॅफेंचं काळं छत, उघडे डक्ट?

उद्यमनगरकर:
वारसा तोच, पण जरा पातळ झालेला. राजारामपुरीतल्या एका कॅफेत डक्टखाली हात धरून उभा राहिलो, हवाच येईना. पोरगं म्हणालं, “काका, तो शोचा हाय.” एसी भिंतीवरच होता.

पेठेतली:
घ्या! म्हणजे ‘दर्शनी’चा तिसरा अर्थपण निघाला. वरवरचा.

शाहूपुरीकर:
तरी तोच घेतो. पहिल्यांदा ‘दर्शनी सांगाड्याची वास्तुकला’, पुढं नुसतं ‘हायटेक’ अवतरणात. आणि डक्टला काय लिहू?

उद्यमनगरकर:
डक्टच लिहा की. ‘वायुवाहिका’ लिहिलंत तर रुग्णवाहिका वाचतील.