जुनी टू-स्ट्रोक उभी करा, पण चेसिसला कटर लावू नका

सेलूकर

गोठ्यातल्या, वाड्याच्या देवडीतल्या जुन्या टू-स्ट्रोक (पिस्टनच्या एकाच वर-खाली फेरीत इंधन जाळणाऱ्या इंजिनाच्या) मोटारसायकली आपल्याकडं पुन्हा बाहेर यायला लागल्यात. आजोबांची राजदूत, मामांची येझदी, कुणाच्या कॉलेजच्या दिवसांतली आरएक्स १००. बघून मनापासून आनंद होतो. पण गाडी गॅरेजला गेली की पहिलं काम काय होतं? इंजिन उघडायच्या आधी मागची चेसिस, म्हणजे गाडीचा लोखंडी सांगाडा, कापली जाते. सपाट सीट, आखूड मडगार्ड, एअर फिल्टरचा डबा भंगारात, हवा-पेट्रोल मिसळणाऱ्या कार्ब्युरेटरला थेट उघडा कोन फिल्टर, सायलेन्सरची आतली जाळी काढलेली. फोटो चांगले येतात. पुढं काही महिन्यांनी तीच गाडी विकायला निघते, ‘इंजिनचं थोडं काम आहे’ असं सांगून.

माझं मत असं, की इंजिन शेवटच्या बेअरिंगपर्यंत उघडा, पैसा तिथं घाला, चेसिसला हात लावू नका. रंग, सीटचं कापड, हँडल याला माझी हरकत नाही. नटबोल्टनं जे बसवलं ते उद्या नटबोल्टनं काढता येतं.

आणि बदली चेसिस आणणार कुठून? जावा-येझदी बनवणारी म्हैसूरची आयडियल जावा कंपनी १९९६ ला बंद पडली. आरएक्स १०० आपल्याकडं १९८५ ला सुरू झाली, १९९६ ला थांबली. राजदूत ३५० तर १९८३ ला आली आणि ऐंशीचं दशक सरता सरता गेलीसुद्धा. आज शोरूमला दिसतात त्या जावा-येझदी फोर-स्ट्रोक आहेत, जुन्या गाडीशी त्यांचं नातं नावापुरतं. पिस्टन नवा मिळतो, क्लच प्लेट मिळते, ऑइल सील मिळतं. मिळत नाही ती चेसिस, आणि कटर नेमका तिच्यावरच चालतो. हे थांबलं पाहिजे असं मला वाटतं. विरोधी मत असेल तर जरूर मांडा.

लातूर स्क्रॅम्बलर

सेलूकर भाऊ, तुमचा मान ठेवून सांगतो, मला हे अजिबात पटलेलं नाही.

तुमच्या डोळ्यांसमोर आहे ती कुणीतरी झाकून जपलेली गाडी. आम्हाला मिळते ती कित्येक पावसाळे गोठ्यात उभी राहिलेली. मागच्या चाकाशेजारी जनावर बांधलेलं, खाली शेणामुताचा चिखल. मडगार्डला बोट लावलं की आरपार जातं. चेसिसचा मागचा लूप (वाकवलेला पाइप) आतून कुजलेला, पापुद्रे सुटलेले, शॉकअपचा बोल्ट पकडायला लोखंडच राहिलेलं नसतं. ती गाडी कापल्याशिवाय रस्त्यावर येतच नाही.

आमच्या आधी तिथं पोचतो तो भंगारवाला. किलोवर घेतो, हातोड्यानं इंजिन फोडतो, अॅल्युमिनियम एकीकडं, लोखंड एकीकडं. ओरिजिनलचा आग्रह धरणारी मंडळी अशी गाडी बघून परत जातात. येझदी रोडकिंगला एकच सिलिंडर पण सायलेन्सर दोन, ती जुळती जोडी, टाकीचे बॅज, चांगल्या क्रोमच्या रिम, हे सगळं साध्या पगाराच्या पोराला झेपत नाही. मग त्यानं गाडी उभीच करू नये का?

दुसरं म्हणजे, मराठवाड्यात कंपनीनं दिली तशी गाडी राहिली कधी? राजदूतला दोन्ही अंगांनी दुधाच्या कॅनचे स्टँड गावच्या वेल्डरनंच लावले. खताची गोणी बसावी म्हणून मागं लांब कॅरिअर, पुढं जाडजूड गार्ड. आपल्या आज्या-बापांनी केलेलं ते कस्टम कामच होतं. त्यांनी गरजेसाठी केलं, आम्ही हौसेसाठी करतो, आणि हौसेवर फक्त पैसेवाल्याचा हक्क आहे असं मी मानत नाही.

वाळूज फिटर

चेसिसचा वाद तुमचा चालू द्या. मला एअर फिल्टरच्या डब्यावर बोलायचंय, कारण त्याच्यापायी गेलेली इंजिनं लोकं माझ्याकडं आणायलेत.

फोर-स्ट्रोकला हवा वरून थेट सिलिंडरात जाते. टू-स्ट्रोकला ती आधी खाली क्रँककेसमध्ये, म्हणजे क्रँक फिरतो त्या बंद पेटीत, जाते, तिथं दाबली जाते आणि मग पोर्टमधून वर चढते. म्हणजे फिल्टरनं सोडलेली धूळ पहिल्यांदा बसते ती क्रँकच्या बेअरिंगवर आणि कनेक्टिंग रॉडच्या मोठ्या टोकात. आपली काळी माती उन्हाळ्यात पाणंद रस्त्यावर पिठासारखी उडते. स्वस्तातल्या कोन फिल्टरला ती अडत नाही. मग पिस्टनवर उभ्या रेघा, खालून खरखर, आणि मालक म्हणतो बोअर मारून (सिलिंडर आतून कापून घेऊन) वर्ष झालं नाही. त्यात बोअरवाल्याचा काही दोष नसतो.

डबा काढला की हवा वाढते, पेट्रोल तेवढंच राहतं, मिश्रण पातळ होतं आणि पिस्टन तापतो. येझदी-राजदूतला तर वंगणाचं तेल पेट्रोलातच मिसळलेलं, त्यामुळं पेट्रोल कमी तिथं तेलही कमी. मे महिन्यात पारा ४४ वर असताना नांदेड रस्त्याला अशी गाडी ताणली तर ती जाम होणारच.

आता बोअरचं. आरएक्स १०० चा बोअर, म्हणजे सिलिंडरचा आतला व्यास, ५० मिलिमीटर, स्ट्रोक, म्हणजे पिस्टनची धाव, तीही ५० च. ओव्हरसाइज पिस्टन पाव-पाव मिलिमीटरनं वाढत जातात, ०.२५ पासून १.०० पर्यंत. लेथवाला बोअर मारतो आणि सिलिंडर हातात देतो. पण या सिलिंडरच्या भिंतीत पोर्टच्या खिडक्या आहेत. बोअर मारला की त्यांच्या कडा इतक्या धारदार होतात की बोट फिरवलं तर कापतं. त्या कडा बारीक दगडानं मोडाव्याच लागतात, नाहीतर रिंग अडकून तुटते. रिंगच्या खाचेत एक बारीक पिन असते. रिंगची दोन्ही तोंडं त्या पिनेशी जुळवून बसवायची, म्हणजे रिंग फिरून तिचं तोंड पोर्टसमोर येत नाही. पिस्टनच्या डोक्यावरचा बाण सायलेन्सरकडं. गाडी कुणाच्याही हाती द्यायच्या आधी त्याला एवढं विचारा. उत्तर आलं नाही तर गाडी ढकलत घरी न्या.

क्रँकच्या सीलचं कुणी बोलतच नाही. मॅग्नेटोकडचं सील गेलं तर ते बाहेरची हवा ओढतं, गाडीची आयडल (उभ्या गाडीच्या इंजिनाचा वेग) आपोआप चढते आणि इंजिन तापतं. क्लचकडचं गेलं तर गिअर ऑइल आत ओढलं जातं, ऑइलची पातळी उतरते आणि सायलेन्सरमधून दाट पांढरा धूर निघतो. दोन्ही सीलं मिळून सीटच्या कव्हरएवढाही खर्च नाही. पण दिसत नाहीत ना, म्हणून राहून जातात.

लातूर स्क्रॅम्बलर

फिटर दादा, यातल्या एकाही गोष्टीला माझा विरोध नाही. आम्ही फिल्टरचा डबा जागेवर ठेवूनच सीट बसवतो. कस्टम काम म्हणजे इंजिनकडं दुर्लक्ष, हे समीकरण सेलूकरांनी मांडलं, ते चुकीचं आहे. चांगलं कस्टम करणाराही इंजिनपासूनच सुरुवात करतो.

औरंगपुरा वकील

हौस आणि लोखंड बाजूला ठेवा, कागदावर या. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ सांगतं की नोंदणीच्या कागदात कंपनीच्या मूळ तपशिलाप्रमाणं जे लिहिलंय त्याच्याशी विसंगत बदल करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही हेच ठामपणे सांगितलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनंतर कलम १८२ अ प्रमाणं बेकायदा बदल करणाऱ्या मालकाला प्रत्येक बदलामागं पाच हजार दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. साधा रंग बदलला तरी आरसी बुकात नोंद करून घ्यावी लागते.

व्हिंटेज नोंदणीचे नियम २०२१ मध्ये आले. पहिल्या नोंदणीला पन्नास वर्षं झालेली गाडी लागते, आणि तीही मूळ रूपात. चेसिस, बॉडी किंवा इंजिनात बदल केलेली असेल तर बाद. नव्या नोंदणीला २०,००० रुपये, दहा वर्षांची मुदत, आणि रोजच्या वापराला परवानगी नाही. आता हिशेब करा. साठच्या दशकातली जावा आजच बसते. १९७८ च्या रोडकिंगला २०२८ उजाडेल. सर्वांत पहिल्या आरएक्स १०० ला २०३५. आज कापलेली गाडी त्या दिवशी या नोंदणीला पात्रच राहणार नाही. म्हणून या बाबतीत मी सेलूकरांच्या बाजूनं आहे.

अंबाजोगाई रोड

मी शिक्षिका आहे आणि मला मूळ प्रश्नच मान्य नाही. या गाड्या रस्त्यावर आणायच्याच कशाला? आमच्या शाळेसमोरून दुपारी दोन-तीन आरएक्स जातात, जाळी काढलेल्या. वर्गात शिकवणं थांबवावं लागतं. दम्याची मुलं खिडकीजवळ बसत नाहीत. तुम्ही चेसिसचा विचार करताय, जरा फुप्फुसांचाही करा. कंपन्यांनी या गाड्या उगाच बंद केल्या नाहीत, प्रदूषणाचे नियम कडक होत गेले म्हणून त्या गेल्या. जपायच्या तर घरात जपा.

सेलूकर

ताई, आवाजाबद्दल तुम्ही म्हणता ते शंभर टक्के बरोबर आहे. जाळी काढणाऱ्याची बाजू मी कधीच घेणार नाही. मुळात त्यानं ताकद वाढत नाही. टू-स्ट्रोकला सायलेन्सर हा इंजिनचाच भाग असतो. धूर बाहेर पडताना दाबाची जी लाट तयार होते ती सायलेन्सरच्या आकारावरून उलटी फिरते आणि सिलिंडरातून निसटू पाहणारं ताजं मिश्रण परत आत ढकलते. त्या आकारात ढवळाढवळ केली की खालच्या वेगाला गाडी मरते, आणि पोरं मग रिकामीच रेस देत बसतात.

धुराचं मात्र थोडं वेगळं आहे. क्रँक, सीलं, रिंग नीट असतील आणि तेलाचं प्रमाण बरोबर असेल तर गरम झाल्यावर धूर अगदी हलका राहतो. मार्च २००० पूर्वीच्या दुचाकीला पीयूसीत ९,००० पीपीएम हायड्रोकार्बन आणि साडेचार टक्के कार्बन मोनॉक्साइडपर्यंत मुभा आहे. नीट बांधलेली गाडी त्यात बसते. नियमात बसणारी गाडी रविवारी काढायचा हक्क मालकाला असावा.

अंबाजोगाई रोड

तुम्हीच दिलेला आकडा बघा. २००० नंतरच्या फोर-स्ट्रोकला हीच मर्यादा ४,५०० आहे. म्हणजे तुमची नीट बांधलेली गाडी पास होऊनही तिच्या दुप्पट सोडू शकते, कारण न जळलेलं पेट्रोल आणि तेल सायलेन्सरमधून बाहेर टाकणं हा या इंजिनाचा स्वभावच आहे. सरकारनं दिलेली मुभा म्हणजे हवा स्वच्छ झाली असं नाही. रविवारी गावाबाहेरच्या रस्त्याला फिरवा, माझी हरकत नाही. रोज शाळा-दवाखान्यांसमोरून फिरवायला आहे आणि राहील.

उदगीरकर

फिटर साहेब, एक विचारतो. आता पंपावर वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल यायलंय. ऊस आपल्याच शिवारातला, त्यामुळं त्याला नावं ठेवायची माझी इच्छा नाही. पण जुन्या येझदीला ते चालतं का? माझ्या गाडीचा पेट्रोल कॉक झिरपायला लागलाय.

वाळूज फिटर

चालतं, पण तयारी करून. इथेनॉलमध्ये ऑक्सिजन असतो, त्यामुळं जुन्याच जेटवर (कार्ब्युरेटरमधल्या पेट्रोल सोडणाऱ्या छिद्रावर) मिश्रण पातळ पडतं. मेन जेट एक नंबर मोठा टाका, गाडी ताणून पळवा आणि प्लग काढून बघा. तपकिरी असेल तर ठीक, पांढरट असेल तर अजून एक नंबर. जुनं रबर इथेनॉलनं फुगतं, तुमच्या कॉकचं तेच झालंय. कॉकचं वॉशर, फ्लोटची सुई, पेट्रोलची नळी एकदमच बदला. क्रँकची सीलं घेताना व्हायटॉनची (इथेनॉल सोसणाऱ्या रबराची) मागा. आणि गाडी महिनाभर उभी राहणार असेल तर टाकी आणि कार्ब्युरेटरची वाटी रिकामी करून ठेवा. इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं, ते पाणी तळाला बसतं आणि टाकी आतून गंजते.

लातूर स्क्रॅम्बलर

वकील साहेबांना एक प्रश्न. कुजलेली चेसिस कापून चांगल्या पाइपनं जोडली, तज्ज्ञानं तपासली, ब्रेक-लाइट सगळं ठीक, तरी ती बेकायदा. आणि कुजलेल्या चेसिसवर वरून रंग मारलेली गाडी पीयूसी दाखवून पुनर्नोंदणीला पास होते. यात सुरक्षित कोणती? बदल तपासून मंजूर करायची एक वाट आरटीओत असायला हवी. ती नाही म्हणून पोरं लपूनछपून करतात, आणि लपूनछपून केलेलं वेल्डिंगच तुटतं. माझी खरी मागणी ती वाट मिळावी ही आहे.

औरंगपुरा वकील

मागणी रास्त आहे. पण ती कायदा बदलण्याची मागणी आहे, आणि तो बदलेपर्यंत दंड आणि विम्याचा धोका मालकाच्याच डोक्यावर. अपघात झाला तर विमा कंपनी पहिल्यांदा हेच बोट दाखवेल.

सेलूकर

लातूरच्या भावानं मागितलेली वाट मलाही हवी आहे, कुजलेल्या चेसिससाठी. लूप खरोखर सडला असेल तर त्याच मापाचा, त्याच जाडीचा पाइप जुन्या जागी जोडला जावा आणि कुणीतरी जबाबदार माणसानं तो तपासून सही करावी. पण तुमच्या तालुक्यात दहा गाड्या कापल्या जातात त्यातल्या किती कुजलेल्या असतात, हे तुम्हीही बघताय. धडधाकट चेसिस फक्त सीट सपाट दिसावी म्हणून कापणं मला आजही मान्य नाही, मंजुरी मिळाली तरी मान्य होणार नाही.

लातूर स्क्रॅम्बलर

तिथं आपलं जमणार नाही भाऊ. गाडी ज्याची, शेवटचा शब्द त्याचा. तरी पुढची येझदी उघडली की पोर्टच्या कडांचे फोटो इथं टाकतो, फिटर दादांनी बघून सांगावं.