पेट्रोल टाकीजवळची हीट शील्ड खडखडते, काढून टाकावी का?

सागरवाट

गाडी २०१३ ची पेट्रोल हॅचबॅक, १,१०,००० किमी. कायम रत्नागिरीत, म्हणजे खारं वारं आणि वर चार महिने पाऊस. टाकी प्लॅस्टिकची, मागच्या सीटखाली. तिच्या अंगाला लागून एक्झॉस्ट पाइप मागे जातो आणि दोन्हींच्या मध्ये खवल्याखवल्यांचा ॲल्युमिनियमचा पत्रा आहे, हीच ती उष्णता अडवणारी हीट शील्ड. चार नटांनी बसवलेला. त्यांतल्या दोन ठिकाणी पत्र्याची भोकं खाऊन अंगठा जाईल एवढी झाली आहेत. नट जागच्या जागी, पत्रा मात्र मोकळा. १,५०० ते २,००० आरपीएमला नुसता खळखळाट.

गॅरेजमध्ये म्हणतात, "काढून टाका, निम्म्या गाड्यांना नसतेच." कंपनीचा नवा पत्रा मागवला तर थांबावं लागेल. तोवर तसंच चालवावं, काढावं, की काही जुगाड करता येतं? महिन्यातून दोनदा आंबा घाटाने कोल्हापूर असतं.

पाना_दहाचा

काढू नका. पत्रा अजून शाबूत आहे, पकड तेवढी गेली आहे.

भोकं का खाल्ली जातात ते आधी बघा. स्टीलचा बोल्ट, ॲल्युमिनियमचा पत्रा आणि मध्ये खारं पाणी. दोन वेगळ्या धातूंची ही जोडी ओली राहिली की ॲल्युमिनियम झिजतं, बोल्ट तसाच राहतो. भोक जरा सैल झालं की कंपनं उरलेलं काम करतात. किनाऱ्यावरच्या गाड्यांत हे ठरलेलंच. त्यामुळे नवा पत्रा आणून तशाच नटांनी बसवलात तर काही वर्षांनी पुन्हा हेच.

आणि आवाज नक्की त्याचाच आहे ना, याची खात्री करा. गाडी पूर्ण गार असताना मागच्या सायलेन्सरवर मुठीने ठोका. आतून डब्यात खिळे हलवल्यासारखा आवाज आला तर सायलेन्सरच्या आतलं पार्टिशन सुटलंय. मग शील्ड कितीही घट्ट करा, खडखड राहणारच. शील्डला नुसतं बोट लावलं तरी ती टिणटिणते, आवाज पातळ असतो.

"निम्म्या गाड्यांना नसते" हे अर्धं खरं. काहींत पाइप टाकीपासून लांबून जातो, तिथे कंपनी देतच नाही. बाकीच्यांची कुणीतरी आधी काढून भंगारात टाकलेली असते. आणखी एक घोळ होतो: टाकीच्या बुडाला काळं प्लॅस्टिकचं कव्हर असतं, ते दगड-चिखलासाठी. त्याला लोक हीट शील्ड समजतात आणि खरी शील्ड काढून हे ठेवतात.

घाटमाथा_७

जरा वेगळं मत. या वयाच्या पेट्रोल गाड्यांत कन्व्हर्टर (धूर साफ करणारा डबा) पुढे इंजिनाच्या तोंडाशी, मॅनिफोल्डलाच चिकटलेला असतो. खरी आग तिथे. टाकीपर्यंत येईस्तोवर दोन-अडीच मीटर पाइप वाऱ्यावर गार झालेला असतो. जुन्या गाड्यांत कन्व्हर्टर सीटखाली असायचा, तेव्हा शील्डला अर्थ होता. नवीन पत्रा येईपर्यंत महिनाभर नसली तर काही आकाश कोसळत नाही. उगाच घाबरवू नका माणसाला.

केल्विनकाका

घाबरवायचं नाही, पण आकडे मांडू.

टाकीजवळ पाइप गार होतो हे खरं, पण "गार" म्हणजे किती? सपाट रस्त्यावर वारा लागत असताना १५० अंश सेल्सियस असेल. घाटाच्या पायथ्याच्या साखरप्यावरून दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये चढताना २५०-३०० पर्यंत जाऊ शकतो. ३०० अंशांचा गंजका पाइप दर चौरस मीटरला साधारण ५ किलोवॉट उष्णता नुसती प्रारणाने (न टेकता, उन्हासारखी) फेकतो. मेच्या भर दुपारचं ऊन दर चौरस मीटरला १ किलोवॉटच्या आसपास असतं. म्हणजे पाइपच्या अंगालगत पाच उन्हं एकदम. अंतर वाढेल तसं ते कमी होतं, पण या गाड्यांत टाकी आणि पाइप यांच्यात अंतर असतं किती? चार-पाच बोटं.

प्रारण केल्विनमधल्या (सेल्सियस अधिक २७३) तापमानाच्या चौथ्या घाताने वाढतं, त्यामुळे पाइप ५०० अंशांवर गेला की हेच १६ किलोवॉट होतं. पेट्रोल गाडीत टाकीजवळ एवढं तापायचं कारण बहुतेक वेळा एकच: कॉइल किंवा प्लग गेला, एक सिलिंडर मिसफायर करतोय आणि न जळलेलं पेट्रोल कन्व्हर्टरमध्ये जळतंय. चेक-इंजिनचा दिवा लुकलुकत असताना घाट चढणारे लोक आहेतच. शील्ड अशा दिवसासाठी असते. रोजच्या बाजारहाटासाठी नसली तरी चालेल, इतपत घाटमाथा यांचं म्हणणं मान्य.

आता टाकी. ती एचडीपीई नावाच्या प्लॅस्टिकची असते. हे प्लॅस्टिक १३० अंशांच्या आसपास वितळतं आणि त्याच्या बरंच आधी मऊ पडतं. संयुक्त राष्ट्रांच्या आर-३४ नियमातली उष्णतेची चाचणी अशी: टाकी निम्मी पाण्याने भरायची, भोवती ९५ अंशांची हवा, तासभर. गळती नको, मोठी विकृती नको. म्हणजे टाकी तपासली जाते ती या मर्यादेला, आणि शेजारी पाइप २५० वर.

जिथे आतून पेट्रोल टेकलंय तिथली भिंत सहसा वाचते, कारण पेट्रोल उष्णता ओढून घेतं. धोका वरच्या कोरड्या भागाला. म्हणून रिझर्व्हवर घाट चढणं शील्ड नसलेल्या गाडीला जास्त बाधतं. सीएनजी बसवलेल्या गाड्यांत पेट्रोलची टाकी महिनोन् महिने पाव भरलेली असते, त्यांनीही हे लक्षात ठेवावं.

टाकी वितळून खाली पडली असं क्वचितच होतं. त्याआधी ब्रीदर होज (टाकीची हवा-वाफ नेणारी नळी) आणि फिलरचा, म्हणजे पेट्रोल भरायचा, रबरी पाइप कडक होऊन चिरतो. पेट्रोल तापून वाफ जास्त धरते, ती सगळी कॅनिस्टरवर (वाफ शोषणाऱ्या कोळशाच्या डब्यावर) येते, आणि घाट चढून थांबलात की गाडीभोवती पेट्रोलचा वास. लोक मग इंजेक्टर तपासत बसतात.

शिवारफेरी

एक मुद्दा राहिला. देशावर सुगीत लोक हुलगा, तूर रस्त्यावर पसरतात, गाड्यांच्या चाकांखाली मळणी होते. ते काड घेऊन गाडी पुढे गेली की शील्ड आणि पाइप यांच्या फटीत अडकून बसतं. वाळकं काड आणि २५० अंशांचा पाइप. कोल्हापूरकडून येताना अशा रस्त्याने आलात तर थांबून खाली एकदा वाका. हाताने ओढू नका, लाकडी काठीने काढा, पाइप तापलेला असतो.

उलट बाजूलाही तेच. शील्ड आणि टाकी यांच्यात चिखल भरतो. चिखल भरला की मधली हवेची फट गेली, आणि शील्डचं निम्मं काम त्या फटीवर आहे. शिवाय तो ओला चिखल टाकीच्या पट्ट्यांवर बसून पट्टे गंजवतो. पावसाळा संपला की नळीने नुसतं पाणी मारायचं. प्रेशर वॉशरची नोझल जवळ नेलीत तर पातळ पत्रा वाकतो.

सागरवाट

म्हणजे ठेवायचीच. मग दोन पर्याय विचारतो. (१) बाजारात चंदेरी, मागे गोंद असलेली उष्णतारोधक शीट मिळते, ती थेट टाकीला चिकटवली तर? (२) पाइपलाच फायबरची पट्टी गुंडाळली तर? बाइकवाले गुंडाळतात ती.

पाना_दहाचा

दोन्ही नको.

एचडीपीईवर गोंद नीट धरत नाही. त्या प्लॅस्टिकचा गुणच तसा, बादलीवर चिकटवलेलं स्टिकर आठवा. उन्हाळ्यात एक कोपरा सुटतो, शीट लोंबकळते आणि थेट पाइपवर टेकते. शिवाय टाकी आणि शीट यांच्यात फटच नाही, म्हणजे शीट तापली की ती उष्णता सरळ टाकीला.

पाइपच्या पट्टीत पावसाचं पाणी मुरतं. साध्या स्टीलचा पाइप आतून सडतो आणि पट्टीमुळे दिसतही नाही. त्यात ऑइल झिरपलं तर ती वातच झाली.

असलेला पत्राच नीट करा. दुपारचं काम आहे.

गाडी तीन-चार तास गार होऊ द्या. पिट किंवा रॅम्प उत्तम, नाहीतर जॅक आणि दोन स्टँड. नुसत्या जॅकवर खाली जायचं नाही. आदल्या रात्री चारही नटांवर पेनिट्रेटिंग ऑइल मारून ठेवा. बोल्ट बहुतेक ६ मिमीचे असतात, १० चा पाना लागतो. गंजलेला नट एका दमात फिरवू नका, पाव फेरा उघडा, परत बंद करा, परत उघडा. बोल्ट तुटला की काम दुप्पट.

पाइप आडवा येत असेल तर मागचे दोन रबर हँगर सोडा. रबराला साबणाचं पाणी लावा, ग्रीस नको, रबर फुगतं. सुटलेला पाइप हवेत लोंबत ठेवू नका. खाली लाकडाचा ठोकळा द्या, नाहीतर पुढच्या फ्लेक्सिबल जोडावर सगळा भार येतो.

पत्रा टेबलावर आणा. घासून धुवा, वाळवा. १ मिमी ॲल्युमिनियमच्या पत्र्याचे ४० मिमीचे चार चौकोन कापा, प्रत्येक खाल्लेल्या भोकाला दोन, एक वरून, एक खालून. भोक ६ च्या बोल्टला ८ मिमीचं पाडा, मुद्दाम सैल, कारण पत्रा तापला की मिलिमीटर-दीड मिलिमीटर सरकतो. गच्च भोक ठेवलंत तर तिथूनच तडा जाईल. चौकोनाचे चारही कोपरे ४ मिमीच्या ॲल्युमिनियम पॉप रिव्हेटने पक्के. हे सगळं ड्रिलिंग टेबलावरच. टाकीखाली बसून ड्रिल चालवायचं नाही, पातळ पत्र्यातून बिट सटकन आरपार जातं आणि पुढे टाकी आहे.

परत बसवताना बोल्टच्या आट्यांना सिरॅमिक ग्रीसचा पातळ हात. तांब्याचं ग्रीस ॲल्युमिनियमजवळ नको. मोठा झिंक चढवलेला वॉशर, मग नट. नायलॉनचं कडं असलेला नट घेऊ नका, गरम जागी ते कडं ढिलं पडतं. पूर्ण धातूचा लॉक नट किंवा स्प्रिंग वॉशर. घट्ट म्हणजे पत्रा हलत नाही एवढंच.

शेवटी फट मोजा. पत्रा ते टाकी १० मिमी तरी, पत्रा ते पाइप २० ते २५ मिमी. पाइप गार असताना मोजताय हे विसरू नका. तीन मीटरचा स्टीलचा पाइप ३०० अंशांनी तापला की सुमारे एक सेंटिमीटर लांबतो, आणि हँगर जुने असतील तर खालीवरही नाचतो. हँगर चिरलेले असतील तर याच वेळी बदला.

प्लॅस्टिकचा टाय कुठेही नको, आणि अंडरकोटिंगचा काळा थर पत्र्यावर मारू देऊ नका. सर्व्हिसला गाडी दिली की पोरं सरसकट फवारतात.

केल्विनकाका

काळ्या थराबद्दल जोडतो. शील्ड काम करते ती जाडीवर नाही, चकाकीवर. चकचकीत ॲल्युमिनियम आलेल्या प्रारणातलं नव्वद टक्क्यांवर परत फेकतं, आणि स्वतः तापलं तरी मागच्या बाजूने टाकीकडे फार थोडं सोडतं. कागदावर हिशेब केला तर टाकीला पोहोचणारं प्रारण पंधराव्या भागावर येतं. दोन्ही बाजू काळ्या केल्या की तोच पत्रा जेमतेम निम्मं अडवतो. मळलेला पत्रा या दोन्हींच्या मध्ये कुठेतरी. म्हणून चिखल धुणं हा नुसता टापटिपीचा प्रश्न नाही.

काम झाल्यावर मोजून बघायचं असेल तर इन्फ्रारेड थर्मामीटर चालेल, पण चकचकीत पत्र्यावर तो खोटं कमी तापमान दाखवतो. टाकीच्या काळ्या भिंतीवर नेम धरा, तिथे बरोबर येतं. घाट चढून थांबलात की लगेच एकदा आणि दहा-पंधरा मिनिटांनी परत एकदा मोजा. दुसरा आकडा बहुधा मोठा येतो, कारण वारा थांबलेला असतो आणि पाइपची साठलेली उष्णता वर चढते. भिंत ६० च्या आत असेल तर निवांत राहा. ७० च्या वर गेली तर फट किंवा पत्र्याची जागा चुकली आहे.

घाटमाथा_७

कोरड्या भिंतीचा मुद्दा माझ्या लक्षात नव्हता, तिथे माघार. पण डिझेलवाल्यांनी हा धागा वाचून "आपल्याला काय" म्हणू नये. बीएस-६ (नव्या प्रदूषण नियमांच्या) डिझेलमध्ये डीपीएफ, म्हणजे धुरातली काजळी अडवणारा फिल्टर, स्वतःला जाळून साफ करतो तेव्हा आतला वायू ६०० अंशांच्या घरात असतो, आणि हे गावात संथ चालवतानाही होऊ शकतं. त्या गाड्यांची एकही शील्ड हलवू नका.

सागरवाट

सगळ्यांचे आभार. शनिवारी करतो. एकच शंका: बोल्ट तुटलाच तर? तो बॉडीला वेल्ड केलेला दिसतोय. गॅरेजवाला म्हणतो, ओलं गोणपाट टाकीवर टाकून नवीन बोल्ट वेल्ड करून देतो.

पाना_दहाचा

अजिबात नाही. टाकी जागेवर असताना तिच्याजवळ वेल्डिंग नाही, ग्राइंडरही नाही, गोणपाट ओलं असो की कोरडं. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड, ती खालीच पसरून असते, आणि ठिणगी गोणपाटाला विचारून उडत नाही.

एक तुटला तर तीन नटांवर पत्रा बसवा आणि तुटलेल्या टोकाजवळ पत्र्याची कड १० मिमी दुमडा, म्हणजे ती फडफडणार नाही. तीनवर तो व्यवस्थित राहतो. दोन तुटले तर टाकी उतरवूनच काम करायचं. उतरवायच्या आधी पेट्रोल पाव टाकीच्या खाली आणा, बॅटरीची निगेटिव्ह काढा, आणि टाकी त्या शेडमधून बाहेर नेऊन ठेवा.