क्लोरीन ३ पीपीएम, तरी पूल हिरवा. मोरचूद टाकू द्यावं का?

पूलकमिटी
सोसायटीचा पूल १२ बाय ६ मीटर, खोली सरासरी १.२ मीटर, म्हणजे पाणी साधारण ८६ हजार लिटर. उघड्यावर आहे, दिवसभर ऊन. पाणी बोअरचं, उन्हाळ्यात टँकरचं. ठेकेदाराचा माणूस रोज २०० ग्रॅम टीसीसीए ९० (क्लोरीन देणारं रसायन) टाकतो, आठवड्याला तुरटी फिरवून व्हॅक्यूम मारतो. फिल्टर रोज सहा तास चालतो. जानेवारीत पाणी नवं भरलं होतं. मेच्या मध्यापासून कोपरे निसरडे, पाणी हिरवट, पोरांचे डोळे लाल. थेंब टाकून पिवळं होतं त्या किटमध्ये क्लोरीन ३ पीपीएम (लिटरला ३ मिलिग्रॅम) येतं, पीएच ६.८. डोस दुप्पट केला की दोन दिवस बरं, मग पुन्हा तेच. ठेकेदार म्हणतो मोरचूद टाकू. टाकू द्यावं का?

निवळशंख
नको. मोरचुदाने शेवाळ मरेल, जंतू तसेच राहतील. वर तांबं पाण्यात साठून टाइल्सवर डाग पडतात आणि सोनेरी-पांढऱ्या केसांना हिरवी झाक येते ती वेगळीच.

खरी भानगड टीसीसीएमध्ये आहे. त्यातला क्लोरीन रोज उन्हात उडतो, पण त्याच्याबरोबर येणारं सायन्युरिक ऍसिड उडत नाही, फिल्टरमध्येही अडकत नाही. टीसीसीएने १० पीपीएम क्लोरीन दिला की सुमारे ६ पीपीएम सायन्युरिक वाढतं. तुमचे २०० ग्रॅम म्हणजे रोज २.१ पीपीएम क्लोरीन आणि सव्वा पीपीएम सायन्युरिक. महिन्याला ३८. जानेवारी ते मे, बॅकवॉशमध्ये (फिल्टर उलटा धुताना) गेलेलं पाणी वजा करूनही दीडशेच्या आसपास असणार.

थोडं सायन्युरिक हवंच. उघड्या पुलात ३० ते ५० पीपीएम ठेवतात, नाहीतर ऊन दुपारपर्यंत क्लोरीन संपवतं. पण ते क्लोरीनला धरूनही ठेवतं. शेवाळ रोखायला मोकळा क्लोरीन सायन्युरिकच्या साडेसात टक्के तरी लागतो: ४० असेल तर ३ पीपीएम, १५० असेल तर ११ च्या वर. तुमचे ३ किटमध्ये दिसतात, काम करत नाहीत. डोस दुप्पट केला तेव्हा दोन दिवस बरं वाटलं, पण त्याच डोसाने सायन्युरिकही दुप्पट वेगाने चढलं. ते उतरवायला पाणीच बदलावं लागेल.

वाळूचा_फिल्टर
वरच्याशी सहमत, पण पाणी सोडण्याआधी मोजा. पिवळं होणारं किट ऑर्थोटोलिडीनचं. ते मोकळा आणि अमोनियाशी बांधला गेलेला, दोन्ही क्लोरीन एकत्र दाखवतं. डीपीडी किट घ्या. डीपीडी १ गोळीने मोकळा कळतो, त्याच नळीत ३ नंबरची टाकली की एकूण. फरक ०.५ च्या वर गेला तर डोळे चुरचुरण्याचं एक कारण तेच, दुसरं तुमचा ६.८ पीएच. टीसीसीए आम्ल, तुरटीही आम्ल, मग पीएच टिकणार कसा?

सायन्युरिकची चाचणी वेगळी. पुड किंवा गोळी टाकल्यावर पाणी दुधासारखं गढूळ होतं, नळीच्या तळाचा काळा ठिपका दिसेनासा होतो तिथे आकडा वाचायचा. बऱ्याच नळ्या १०० ला संपतात. म्हणून निम्मं पुलाचं, निम्मं नळाचं पाणी घेऊन आलेला आकडा दुप्पट करा.

आणि ८६ हजार लिटरला फिल्टर सहाच तास? पंपाच्या प्लेटवर ताशी किती घनमीटर ते बघा. १४ च्या खाली असेल तर पाणी एकदाही पूर्ण फिरत नाही.

पूलकमिटी
डीपीडीने मोकळा १.५, एकूण २.८. सायन्युरिक अर्धं-अर्धं करून ८० आलं, म्हणजे १६०. पंपाच्या प्लेटवर १५. आता पूर्ण रिकामा करून घासून घ्यावा म्हणतो.

निवळशंख
पूर्ण रिकामा नको, त्यात पाऊस तोंडावर. जमिनीतलं पाणी वर आलं की रिकाम्या टाकीला खालून रेटा बसतो. टाइल्स सुटतात, तडे जातात. निम्मं काढून भरा, १६० चं ८० होईल. फिल्टर चालवून पाणी नीट मिसळा, पुन्हा निम्मं काढा, ४० वर याल. एका वेळी ४३ हजार लिटर, १० हजारी टँकर चार-पाच. तोवर सोडा टाकू नका, गटारातच जाईल. पोहणंही बंद ठेवा.

पाणी बदलल्यावर क्षारता (पाण्याची पीएच स्थिर ठेवायची ताकद) ८० ते १२० पीपीएममध्ये आणा. कमी असेल तर १० पीपीएमला सुमारे दीड किलो खाण्याचा सोडा. मग पीएच ७.२ वर. चढा असेल तर ऍसिड एका वेळी अर्धा लिटर, बादलीभर पाण्यात ओतून, पंप चालू ठेवून. तासाने पुन्हा तपासा.

त्यानंतर द्रव हायपो (सोडियम हायपोक्लोराइट). १० टक्क्यांचा हायपो ८६० मिली टाकला की तुमच्या पुलात १ पीपीएम चढतो. शॉकला (शेवाळ मारायचा मोठा डोस) १६ पीपीएम गाठायचे, म्हणजे सुमारे १४ लिटर, सूर्य मावळल्यावर. भिंती ब्रशने घासा, नाहीतर आतलं शेवाळ वाचतं. पाणी निवळेपर्यंत १६ टिकवा. रात्री आणि पहाटे उन्हाआधी मोजा. रातोरात १ पीपीएमपेक्षा जास्त घट म्हणजे आत अजून काहीतरी जिवंत आहे. घट थांबली की ४ वर उतरू द्या, मगच पोरांना सोडा. रोजच्याला दोन ते अडीच लिटर, संध्याकाळी. कॅन सावलीत ठेवा, पंधरवड्यापुरतेच आणा. उन्हाळ्यात हायपो भराभर मरतो.

वाळूचा_फिल्टर
शॉकच्या दिवसांत फिल्टरच्या दाबाच्या गेजवर लक्ष ठेवा. स्वच्छ असतानाच्या दाबापेक्षा अर्धा किलो वर गेला की बॅकवॉश, काचेत पाणी स्वच्छ दिसेपर्यंत, मग अर्धा मिनिट रिन्स. व्हॉल्व्ह फिरवताना पंप बंदच हवा.

क्षारमापी
हायपो महाग पडतो म्हणून ठेकेदार ब्लीचिंग पावडर सुचवेल. बोअरच्या पाण्यात ती नको, कठीणपणा आणखी वाढतो आणि चुन्याचा थर बसतो. टीसीसीए पूर्ण बंद करायची गरज नाही; सुट्टीत हायपो टाकायला माणूस नसेल तेव्हा चालेल, फक्त दर महिन्याला सायन्युरिक मोजा.

उरलेली टीसीसीए मात्र हायपो आणि ऍसिडपासून लांब, कोरड्या जागी ठेवा, माप वेगळं. एकाच डब्यात वा मगात ब्लीचिंग आणि टीसीसीए आले तर आग लागते, स्फोटही होतो. हायपोत ऍसिड पडलं तर क्लोरीन वायू निघतो, आणि पंपाच्या खोलीला बहुतेक ठिकाणी खिडकीच नसते.