गुहागरकडे दोन एकर घ्यावी का?

गावभागकरीण, सांगली
२०१९ ला आयर्विन पुलाला पाणी ५७ फुटांवर गेलं आणि आमचा तळमजला गेला. २०२१ ला पुन्हा गाद्या-भांडी माडीवर. तेव्हापासून ह्यांच्या डोक्यात कोकण बसलंय. गुहागर तालुक्यात समुद्रापासून तीन-चार किलोमीटरवर जागा दाखवली: थोडी हापूसची कलमं, एक विहीर. भाजी, कोंबड्या, एखादी गाय, सोलर. काही झालं तर महिनाभर बाहेर पडायला लागू नये, असा बेत. पलूसला सासऱ्यांची शेती आहे, त्यामुळे शेतकरी दाखल्याचं अडत नाही. डिसेंबरात पाहिली तेव्हा विहीर तुडुंब. मला मात्र वाटतं, पुराला कंटाळून वादळाच्या तोंडी चाललोय.

कराडचा, सध्या चिपळूण
ताई, डिसेंबरात इकडची कुठलीही विहीर तुडुंबच असते. मे महिन्यात जा आणि दोरीला दगड बांधून सोडा. तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, पण जांभ्यातून झिरपून समुद्राला मिळतो. जागा सड्यावर, म्हणजे जांभ्याच्या उघड्या पठारावर असेल तर विषय संपला. वाडीत, पऱ्याच्या (ओढ्याच्या) काठाला असेल तर पुढचं बोलू. खाडी जवळ असेल तर उन्हाळ्यात पाणी चाखूनही बघा, मचूळ होतं.

वादळाचं म्हणाल तर ३ जून २०२० च्या निसर्गनं दापोली-मंडणगडात माड, पोफळी, कलमं आडवी केली आणि कित्येक गावं आठवडेच्या आठवडे अंधारात होती. सोलर घ्या, पण पत्र्यावर नको.

आणि रस्ता. तुम्ही येणार कराड-पाटण-कुंभार्ली-चिपळूण. २२ जुलै २०२१ ला चिपळूण बुडालं, महामार्गावरचा वाशिष्ठीचा जुना पूल तुटला. अशा वेळी तुम्ही सांगलीत आणि गाय गुहागरात! फुरसं (विषारी साप) चावल्यावरची लस सगळ्यात जवळ कुठे मिळते, तेही आधीच विचारून ठेवा.

मिरजवाला
एवढ्या लांब कशाला? विट्याकडं घ्या की. पूर नाही, वादळ नाही.

कराडचा, सध्या चिपळूण
आणि टेंभू सिंचन योजनेचं आवर्तन चुकलं की पाणीपण नाही.

गावभागकरीण, सांगली
😄 बरं, धान्याचं काय? आमच्याकडे शाळू कणगीत वर्षभर राहतो.

कराडचा, सध्या चिपळूण
इथं श्रावणात मिठालाही पाणी सुटतं, शाळूला बुरशी धरेल. इकडचे लोक भात सालासकट ठेवतात आणि लागेल तसं गिरणीतून काढून आणतात, तसंच करा. भाजीला मात्र वांदरं आणि रानडुकरं आहेत. आमच्या शेजाऱ्यांनी भुईमूग लावणंच सोडलं. सातबारा बघितला का?

गावभागकरीण, सांगली
आता एजंटला फोन केला. सामाईक आहे म्हणे, चौदा नावं. "सगळे सही देतील, काळजी करू नका."

कराडचा, सध्या चिपळूण
चौदातले मुंबईत किती ते विचारा. आणि सगळ्यांच्या सह्या होईपर्यंत विसार देऊ नका.